पाटीभर परकं रोप

मला सगळं दिसतं. ही माझी जुनी तक्रार होती आणि आता माझी फुशारकी आहे. फुशारकी म्हटल्यावर कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडावं. सत्तेचाळीस वर्षं मी मान खाली घालून काढली, आता चार दिवस ताठ ठेवली तर कुणाचं घोडं मारलं?

शाळेत वर्गाबाहेर बेचाळीस पोरांच्या चपला असायच्या. कुठली कुणाची हे मला टाचेच्या झिजेवरून कळायचं. कुणी नवी शिकवणी लावावी तसं बाईंनी मला दोन दिवस चपला ओळखायला लावल्या, पोरं हसली आणि तिसऱ्या दिवसापासून माझं नाव 'चपली' पडलं. आई म्हणायची, "माणसांत बसत जा, वस्तूंकडं बघू नको." माणसांत बसले की मला आवाज सोसत नव्हते. भांडी घासल्याचा, चार बायकांनी एकदम बोलल्याचा, लग्नातल्या बेंजोचा. मी उठून गोठ्यात जायची. मग "शिष्ट हाय", मग "तिरपी हाय", आणि सासरी आल्यावर सरळ "येडसर हाय".

सासरी तर मी पहिल्याच वर्षी दिवे लावले. नणंदेचं लग्न होतं. दोन्हीकडची मंडळी मिळून पुण्यात बस्ता बांधायला गेली होती, तेव्हा मुलाकडच्यांनी पसंत केलेला शालू मी दुकानात पाहिला होता. मांडवात आला तो दुसराच. रंग तोच, जर तीच, पण बस्त्याच्या शालूच्या काठावरच्या मोरांच्या चोची मिटलेल्या होत्या आणि ह्याच्या उघड्या. मी तसं सगळ्यांदेखत बोलले. खरं म्हणजे दुकानदारानं बांधताना अदलाबदल केली होती आणि चार दिवसांनी त्यानं ती कबूलही केली. पण तोवर नवरीच्या भावजयीनं मांडवात कलागत लावली असं झालं होतं आणि मला वरमावशीच्या पायावर डोकं ठेवावं लागलं होतं. खरं बोलून पाया पडावं लागतं, हे मी त्या दिवशी शिकले.

त्या लग्नापासून आमच्या मालकांनी खोकल्याची पद्धत काढली. मालकांचं नाव एकनाथ. लिहिताना घेते, तोंडानं अजून घेत नाही. माणूस गरीब गाईसारखा. चारचौघांत मी बोलायला लागले आणि ते एकदा खोकले की थांबायचं, दोनदा खोकले की उठून आत जायचं. चोवीस वर्षं मी त्या खोकल्यावर उठले आणि बसले. त्यांनी हे माझ्या भल्यासाठीच केलं, हेही सांगून टाकते.

आता उत्कर्षाचं. आमचं नेरे गाव हिंजवडीला इतकं खेटलं आहे की भाताच्या बांधावर उभं राहिलं तर काचेच्या इमारतीत लिफ्ट वर जाताना दिसते. सगळ्यांनी काढल्या तशा आम्हीही घरावर चार खोल्या काढल्या आणि कंपनीतल्या पोरापोरींना भाड्यानं दिल्या. त्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीत मागच्या वर्षी जळगावकडची एक मुलगी आली, तीच ही उत्कर्षा. सत्तावीस वर्षांची, कानावर कायम मोठे हेडफोन, बोलताना तुमच्या खांद्याशी बोलणार. तिसऱ्या दिवशी ती खाली येऊन मालकांना म्हणाली, "काका, ट्यूबलाइट बदलून मिळेल का? आवाज येतो तिचा."

"ट्यूबचा कसला आवाज? आमाला तर कदी आला न्हाई," मालक म्हणाले.

मी पीठ मळत होते. तशीच भरल्या हातानं बाहेर आले. "तुलाबी येतोय?"

"बारीक येतो, सतत. डासासारखा, पण सरळ."

"व्हय! सरळच. डास वळतो, ह्यो वळत न्हाई."

आम्ही दोघी एकमेकींच्या खांद्यांकडे बघत उभ्या राहिलो. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, घरातली ट्यूब मी त्यातली निम्मी वर्षं ऐकत होते आणि आजवर एकाही माणसानं मला तो आवाज येतो असं म्हटलं नव्हतं. त्याच दुपारी मी सगळ्या घरातल्या ट्यूब काढून बल्ब लावून घेतले.

मग आमचं जमलं. ती कंपनीत दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायची. "ह्याचाबी पगार मिळतो?" मी विचारलं, तर म्हणाली मिळतो. मला फार हेवा वाटला. गणपतीच्या आधी एकदा उघडीप मिळाली म्हणून गच्चीवर साठवणीच्या पापडांना ऊन दाखवताना ती म्हणाली, "काकू, एक सांगू? मला ऑटिझम आहे. दोन वर्षांपूर्वी बावधनच्या एका डॉक्टर बाईंनी तपासून सांगितलं."

"म्हंजे कसला आजार?"

"आजार नाही. डोकं जन्मापासून वेगळ्या पद्धतीनं चालतं. आवाज जास्त येतात, बारीक गोष्टी जास्त दिसतात, माणसांचं आडून बोललेलं कळत नाही." आणि मग, पापड सरळ करत, "मला वाटतं, तुमचंही तसंच असेल."

मी ताट उचललं आणि खाली आले. माझ्या घरात राहून मला वेडी म्हणते! चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. जिन्यावरून तिची पावलं ऐकू आली की मी मोरीत जाऊन पाणी सोडायची. पण रागाची एक गंमत असते, तो डोक्यात बसला की डोक्यातलं बाकीचंही हलायला लागतं. चपला आठवल्या. मोर आठवले. मसाल्याचा डबा मालकांनी एकदा दुसऱ्या फळीवर ठेवला तर मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं, ते आठवलं. पाचव्या दिवशी मीच वर गेले आणि म्हणाले, "त्या डॉक्टरनं तुला काय काय इचारलं ते मला इचार."

तिनं मोबाइलवर प्रश्न काढले. समोरच्याच्या डोळ्यांत बघणं अवघड जातं का? मी म्हटलं, बघतच न्हाई, भुवयांच्या मधी बघते, कुणाला कळत न्हाई. लोक हसतात तेव्हा कशाला हसले हे उशिरा कळतं का? म्हटलं, कदीकदी दुसऱ्या दिवशी. ती वाचत होती, मी उत्तरं देत होते, आणि निम्म्यात मला रडू फुटलं. वाईट वाटलं म्हणून नव्हे. कुणीतरी, कुठल्या गावचं कोण जाणे, माझ्याच आयुष्याचे प्रश्न लिहून ठेवले होते. म्हणजे मी एकटी नव्हते. माझ्यासारखी इतकी माणसं होती की त्यांच्यासाठी प्रश्नपत्रिका छापावी लागली.

"ह्यावरून पक्कं काही ठरत नाही काकू," उत्कर्षा म्हणाली. "डॉक्टरांकडे जायचं असेल तर मी नेईन तुम्हाला."

"बघू," मी म्हटलं. "आदी भात तर पदरात पडू दे."

ते भात साधं नव्हतं. आमच्या एकोणीस बायकांच्या गटाचा तो बियाण्याचा प्लॉट होता, आमच्याच दोन एकरांत, नऊ खाचरं. इंद्रायणीचं शुद्ध बी आम्ही तीन वर्षं करत होतो. भोवती इमारती उठत होत्या, गावातली निम्मी वावरं पत्र्याच्या कुंपणाआड गेली होती, आणि तरी कोळवणकडचे, पौडकडचे शेतकरी येऊन "नेऱ्याच्या बायकांचं बी" मागायचे. त्या नावाचा आम्हा सगळ्यांना भारी अभिमान. बियाण्याच्या भातात दुसऱ्या वाणाची भेसळ चालत नाही. फुलोऱ्यात सरकारी साहेब येऊन तपासतात, ठरलेल्या मापापेक्षा जास्त परकी रोपं निघाली तर प्लॉट बाद, सगळं भात गिरणीत.

तपासणी बुधवारी होती. सोमवारी सकाळी मी बांधावरून चालले होते, ओंब्या नुकत्या बाहेर पडल्या होत्या, आणि तिसऱ्या खाचरात मला ते दिसलं. उंची तीच, रंगही तोच म्हणा. पण शेंड्याचं पान इंद्रायणीचं जसं राहतं त्यापेक्षा ह्याचं जरा जास्त ताठ, आणि ओंबी पानातून निघताना अंग चोरून निघालेली. एक दिसलं, मग त्याच्यापलीकडे दोन, मग चौथ्या खाचरात, पाचव्यात. बी तर मी स्वतः निवडलं होतं. हे परकं आलं कुठून?

मग इर्जिकीचा दिवस आठवला. आमच्याकडे लावणी इर्जिकीनं होते: सगळ्यांनी मिळून एकाच्या वावरात राबायचं, त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, उद्या दुसऱ्याच्या वावरात. आणि इर्जिकीचा एक मान असतो. खाचर अर्धं ठेवून उठायचं नाही. रोप कमी पडलं तर शेजारचं आणून लावायचं, पण जमीन उघडी सोडून जेवायला बसायचं नाही. त्या दिवशी पोरांनी बांधावर स्पीकर लावला होता. दुपारपर्यंत मी कसंबसं सोसलं आणि मग स्वयंपाकाचं निमित्त करून घरी पळाले. माझ्या मागं रोप कमी पडलं असणार.

मी थेट गटाच्या अध्यक्षीण लीलाबाईंकडे गेले. लीलाबाई नात्यानं माझ्या चुलतजाऊ, साठीच्या, तोंडानं फटकळ, पण गट उभा केला तो त्यांनीच. "लावणीच्या दिवशी रोप कमी पडलं हुतं का?" मी विचारलं.

"पडलं हुतं की. मी माझ्या घरनं पाटीभर आणलं, सगळ्यांच्या हातात वाटलं. का?"

लीलाबाईंच्या वावरात दुसरं वाण असतं. रोपात आणि रोपात फरक दिसत नाही, आणि इर्जिकीत कोण कशाला विचारतं! त्यांनी मनाचा मोठेपणा केला होता आणि त्या मोठेपणातच घोटाळा झाला होता.

सांगितल्यावर त्या चार बायका घेऊन बांधावर आल्या. मी खाचरात उतरून दाखवलं, हे बघा, हे आपलं आणि हे परकं. बायकांनी डोळे बारीक केले, पदर सावरले, वाकून पाहिलं.

"सारकंच तर हाय," एक म्हणाली.

"सगळं हिरवं दिसतंय बया," दुसरी म्हणाली.

लीलाबाईंचा चेहरा लाल झाला. "माझ्या घरचं रोप म्हंजे काय कचरा व्हय गं? इतक्या जणींस्नी दिसंना आन तुला एकटीलाच दिसतंय? तुला न्हाई ते दिसतं अनसा, पयल्यापास्नं. साहेबासमोर तोंड उघडू नगंस."

मी एक रोप उपटायला हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं. चांगलं भात उपटते म्हणाल्या.

घरी मालकही तेच बोलले. "साहेबाला दिसलं तर दिसलं. न्हाई दिसलं तर कुणाला कळणार हाय?"

"पुढल्या साली कळंल. लोकांच्या वावरात उगवल्यावर."

"आन तुझी चूक असली तर?"

हे मात्र खरं होतं. माझी चूक असली तर मी कायमची वेडी ठरणार होते, आणि ह्या वेळेला कुणी पाया पडून घेऊनही सोडलं नसतं. आणि मी गप्प बसले तर आमच्या नावाचं बी परकं घेऊन तालुकाभर जाणार होतं. संध्याकाळी मी उत्कर्षाला विचारलं, तुला कामावर चूक दिसली आणि बाकीच्यांना दिसली नाही तर तू काय करतेस?

तिनं हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "आधी वाटायचं, मीच चुकत असेन. इतके जण कसे चुकतील? गप्प बसायचे आणि घरी येऊन रडायचे. आता सांगते. चिडतात. तरी सांगते." मग म्हणाली, "काकू, बुधवारी मी सुट्टी काढू?"

बुधवारी दहाला तपासणीचे निरंजन साहेब मोटारसायकलवरून आले. तरुण माणूस, शांत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः चिखलात उतरणारा. दहा ठिकाणी थांबले, मोजलं, वहीत टिपलं. एकोणीस बायका बांधावर रांगेनं उभ्या होत्या, लीलाबाई पुढे. साहेब वर आले आणि म्हणाले, "छान ठेवलाय प्लॉट. काही अडचण नाही." आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

मी एक पाऊल पुढे टाकलं आणि मालक खोकले. एकदा. मी दुसरं पाऊल टाकलं. ते पुन्हा खोकले, ह्या वेळी चांगलं खाकरून.

"ह्यांना कुणीतरी खोकल्याचं औषध आणून द्या," मी म्हटलं. "साहेब, सही करू नका. भातात भेसळ हाय."

बांधावर इतकी शांतता पडली की मला लांबच्या लिफ्टचा आवाज आला असता. "अनसा!" लीलाबाई ओरडल्या. "साहेब, तिच्याकडं ध्यान देऊ नका, ती जरा..."

"मी जरा न्हाई," मी म्हटलं, "मी बरीच वेगळी हाय. मला लोकांपरीस जास्त दिसतं. आन लीलाबाई, तुमच्या रोपाला मी नावं ठिवत न्हाई. तुमच्या खाचरात ते सोनं हाय. पर हितं आपण एकाच वाणाचं बी देतो म्हून लोकांना सांगतोय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, लीलाबाईंकडे पाहिलं आणि पेन परत खिशाला लावलं. "दाखवा," म्हणाले.

मी उतरले. हे, हे, आणि ते. साहेबांनी खिशातलं भिंग काढलं, पान खोडाला जिथं चिकटतं ती बेचकी उघडून पाहिली. मग दुसऱ्याची पाहिली. तेवढ्यात बांधावरून उत्कर्षा बोलली. इतक्या अनोळखी माणसांत तिचा आवाज कापत होता, पण शब्द सुटे होते. "सर, खात्रीच करायची तर काकूंना पाठ फिरवून उभं करा. लीलाबाईंच्या शेजारच्या खाचरातले दहा फुटवे आणि ह्यातले भिंगातून इंद्रायणी ठरलेले दहा घ्या, मुळाशी खूण करा, मिसळा आणि त्यांना निवडू द्या."

साहेबांना ते पटलं. मी पाठ करून उभी राहिले. इमारतीचे मजले मोजले, तेवीस. वळले तेव्हा बांधावर गोणपाटावर वीस फुटवे ओळीनं ठेवले होते, खुणा पानाखाली झाकलेल्या. मी बसले आणि दोन ढीग केले. तांदळातले खडे वेचताना लागतो त्याहून जास्त वेळ लागला नाही. साहेबांनी एकेक खूण उघडली. दहा इकडचे, दहा तिकडचे. एकही चुकला नव्हता.

"बाई," साहेब म्हणाले, "मला भिंग लागलं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कशा वाजवतील? साहेबांचं पुढचं वाक्य होतं की आज प्लॉट पास करता येणार नाही. अठरा बायका माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मीच पाटी घेऊन आले होते. पण ते म्हणाले, शनिवारी परत येतो, तोवर भेसळ काढून होत असेल तर काढा. एवढ्या दोन एकरांतून दोन दिवसांत काढणार कोण, हे त्यांनी विचारलं नाही. सगळ्यांना ते माहीत झालं होतं.

लीलाबाईंनी पदर खोचला आणि त्या म्हणाल्या, "कसं करायचं सांग."

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी अटी घातल्या आणि त्या घालताना मला जी मजा आली ती काय सांगू! मोबाइल घरी ठेवायचे. गाणी नाहीत, गप्पा नाहीत. मी पुढे चालणार, बोट दाखवीन ते रोप मागच्यांनी मुळासकट काढायचं. मला मागून हात लावायचा नाही, हाक मारायची तर समोर येऊन मारायची. एकीनं विचारलं, बांगड्याही काढायच्या का? मी म्हटलं, बांगड्या असू देत, पण वाजवू नका.

गुरुवारी सकाळी सात वाजता आम्ही उतरलो. नेऱ्याच्या बायका आणि गप्प! रस्त्यानं जाणारी माणसं गाडी थांबवून बघत होती, कुणी गेलं की काय म्हणून. त्या शांततेत मला जसं दिसलं तसं कधी दिसलं नव्हतं. मला कुठं पळून जायची गरज उरली नव्हती. दुपारी बांधावर भाकरी सोडल्यावर लीलाबाई माझ्या समोर येऊन बसल्या, समोरच, अटीप्रमाणे. "दिसतं म्हंजे कसं दिसतं गं तुला?"

"शंभर बायकांत पाठमोरी तुमची लेक दिसल्यावर तुमाला कसं कळतं? तसं."

त्यांनी बोटाचा ठेचा चाटला. "मग बया, तुला लगनात लई तरास हुईत आसंल," म्हणाल्या. पंचवीस वर्षांत मला हे म्हणणाऱ्या त्या पहिल्या. मी मान हलवली आणि माझ्यातली अर्धी भाकरी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत नववं खाचर झालं. अकराशे अठ्ठेचाळीस रोपं निघाली. मोजली मीच, दुसरं कोण मोजणार. मालकांनी भारे वाहून म्हशीपुढे टाकले. म्हशीला वाणाचं काही पडलेलं नव्हतं.

शनिवारी साहेब आले आणि ह्या वेळी नऊच्या नऊ खाचरं फिरले, भिंग हातात घेऊन. आठ खाचरांत काही नाही. नवव्याच्या कोपऱ्यात ते थांबले. तिथं एक रोप होतं, बाकीच्यांपेक्षा वीतभर बुटकं, पिवळट, ओंबी अर्धीच बाहेर. सगळ्यांत वेगळं तेच दिसत होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"हे राहिलं," साहेब म्हणाले.

लीलाबाई लगबगीनं वाकल्या आणि त्यांनी ते मुठीत धरलं. ह्या वेळी मी त्यांचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या. ते आपलंच हाय."

"अगं, साहेब म्हणत्यात..."

"साहेब, पान चुरगाळून हुंगा."

साहेबांनी पान चुरगाळलं, नाकाशी नेलं. इंद्रायणीचा वास लपत नाही. त्यांनी भिंगानं बेचकी पाहिली आणि मान हलवली. मी मुळाशी हात घालून चिखल बाजूला केला. खाली खेकड्याचं बीळ होतं, निम्मी मुळं लोंबकळत होती. "मुळाला जागा मिळाली न्हाई म्हून असं वाढलंय," मी म्हटलं. "वेगळं दिसतं म्हून परकं हुईत न्हाई. बी आपल्याच घरचं हाय त्याचं." उत्कर्षा बांधावर उभी होती आणि ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. मीही बघितलं. दोघींनाही ते फार वेळ जमलं नाही.

मी हातानं बीळ बुजवलं, मुळांवर चिखल चेपला, आणि आम्ही वर आलो.

साहेबांनी कागद पुढे केला. "प्लॉट भेसळमुक्त आहे, म्हणून गटाच्या वतीनं सही लागेल. अध्यक्षांची."

लीलाबाईंनी पेन घेतलं. कागदाकडे पाहिलं, भाताकडे पाहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "मला जे दिसतच न्हाई, त्याच्यावर मी कशी सही करू? हिला दिसतं. ही करंल."

साहेब म्हणाले, गटाची हरकत नसेल तर चालेल. अठरा जणींनी एकदम "न्हाई हरकत" म्हटलं, आणि तो आवाज मला सोसला.

मी पूर्ण नाव लिहिलं, अनसूया एकनाथ, आणि पुढं आडनाव, अक्षर एकेक सुटं. सहीच्या खाली शेऱ्याचा रकाना होता. तो सगळे मोकळाच सोडतात म्हणे. मी लिहिलं, 'भेसळ मी स्वतः पाहून काढली. माझं डोकं वेगळं आहे आणि मला इतरांपेक्षा जास्त दिसतं.'

"काय लिवलंस?" लीलाबाईंनी विचारलं. त्यांचा चष्मा घरी होता. मी मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळ्यांदेखत.

लीलाबाईंनी कागदावर बोट टेकवलं. "'जास्त'च्या आदी जागा हाय का बघ," म्हणाल्या. "तितं 'लई' घाल."

जागा थोडीच होती. मी बारीक अक्षरात घातलं.